क्लिप कुठून सुरू होते?

9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा सोबत्यांसह कोसळला. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत होतं. त्या प्रसंगाचं चित्रीकरण नाही. तो टिकला तो पाहणाऱ्यांच्या आठवणीत आणि त्यांनी पुढच्या पिढीला सांगितलेल्या हकिगतीत. विद्यार्थी आणि पोलीस आमनेसामने आले, की नेमकं काय घडलं हे ठरवायला पुढची अनेक दशकं दोनच आधार होते: सरकारी नोंद आणि माणसांची साक्ष. तिसरा आधार खिशातल्या मोबाइलनं दिला. त्याच्यावरचा आपला विश्वास कसा बसला, कसा डळमळला आणि आता कुठे येऊन ठेपला आहे, हे पाहायला खानदेशाबाहेर फारसं जावं लागत नाही.

6 जानेवारी 2013 रोजी धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून वाद झाला, त्याची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मेले. काही दिवसांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफिती बाहेर आल्या. त्यांत खुद्द पोलीसच मोडतोड आणि लूट करताना दिसत होते. त्यांच्या आधारे सहा पोलिसांना अटक झाली. वर्दीपुढे सामान्य माणसाचा नुसता शब्द एवढा टिकला नसता. मोबाइल काढा, म्हणजे खरं काय ते समोर येईल, हा भरवसा त्या दिवसांत वाटला असेल, तर तो अनुभवातून आलेला होता.

पाच वर्षांनी त्याच जिल्ह्यानं या भरवशाची दुसरी बाजू दाखवली. 1 जुलै 2018, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर अशा टोळ्यांचे व्हिडिओ देशभर फिरत होते. त्यांतला एक कराचीतल्या संस्थेनं पालकांच्या जागृतीसाठी केलेला होता. मोटारसायकलवरून उचललेलं मूल शेवटी परत आणून सोडतात, तेवढाच भाग कुणीतरी कापून टाकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. पण दोष केवळ पसरण्याच्या वेगाचा नव्हता. एकही दृश्य न बदलता, फक्त शेवट कापून, सावध करणारी फिल्म चिथावणी देणारी होऊ शकते, हे त्यातून कळायला हवं होतं.

हाच प्रश्न 26 ऑगस्ट 2020 रोजी धुळ्यात दुसऱ्या टोकाकडून आला. करोनाच्या काळात शैक्षणिक शुल्कात सवलत मिळावी, या मागणीसाठी अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचे कार्यकर्ते पालकमंत्री अब्दुल सत्तार यांच्या ताफ्यासमोर आले आणि पोलिसांनी त्यांना मारहाण केली. व्हिडिओ राज्यभर फिरला, विरोधी पक्षानं निषेध केला. दृश्य खोटं आहे, असा वाद नव्हता. वाद होता तो आधीच्या क्षणांचा. एका बाजूचं म्हणणं, विद्यार्थी निवेदन घेऊन आले होते. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, त्यांनी गाडी अडवली. क्लिप कुठून सुरू करायची, यावर दोन वेगळ्या घटना तयार होत होत्या.

‘आधी काय झालं ते पाहा’ हा आक्षेप रास्त आहे, पण त्याचं बळ मर्यादित आहे. आधीचे क्षण कारवाई का झाली ते सांगतात. ती एवढी कठोर असायला हवी होती का, हे ते सांगत नाहीत. अटक झालेल्या माणसावर पळून न जाण्यापुरतीच बंधनं असावीत, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 49 मध्ये होतं. आज लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. म्हणजे कापलेल्या क्लिपमध्येसुद्धा एका प्रश्नाचं उत्तर पूर्ण असू शकतं आणि दुसऱ्याचं अर्धं. दोन्ही प्रश्न एकत्र कालवले, की फावतं ते ज्याला उत्तर द्यायचं नाही त्याचं.

2020 च्याच फेब्रुवारीत दिल्लीच्या जामिया मिलिया विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं चित्रीकरण असंच गाजलं होतं. डिसेंबर 2019 मध्ये पोलीस आत घुसून विद्यार्थ्यांना मारताना एका तुकड्यात दिसत होते. लगेच दुसऱ्या बाजूनं, आत शिरणाऱ्या मुलांच्या हातात दगड असल्याचं सांगत वेगळे तुकडे पुढे आले. कॅमेरे होते, चित्रीकरण होतं, तरी प्रत्येकाच्या हाती आपापला तुकडा होता.

न्यायालयांनी हा प्रवास आधीच सुरू केला होता. 1972 मध्ये मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं टेपवरचं संभाषण पुरावा म्हणून स्वीकारलं, पण आवाज ओळखता यावा आणि टेपमध्ये फेरफार झाल्याची शक्यता उरू नये, अशा अटींवर. 14 जुलै 2020 रोजी, म्हणजे धुळ्याच्या प्रसंगाच्या सहाच आठवडे आधी, जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात न्यायालयानं सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत ती कशी तयार झाली हे सांगणारं प्रमाणपत्र हवंच. मात्र मूळ नोंद दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि सगळे प्रयत्न करूनही ते मिळत नसेल, तर पक्षकाराला त्याची शिक्षा होऊ नये. त्या वादात चित्रीकरण निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं होतं आणि मागूनही प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. प्रश्न खऱ्या-खोट्याच्या पुढे जाऊन ताब्याचा झाला तो इथे.

मार्च 2021 मध्ये जळगावनं आणखी एक पेच दाखवला. शासकीय महिला वसतिगृहात पोलिसांनी महिलांना विवस्त्र नाचायला लावलं, असा आरोप विधानसभेत गाजला. व्हिडिओ आहे, असं जो तो म्हणत होता. चौकशीनंतर तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सभागृहात सांगितलं, की आरोपात तथ्य नाही. त्या गदारोळात दोन गोष्टींची गल्लत झाली. कुणी कॅमेऱ्यासमोर काही सांगणं आणि ती घटना कॅमेऱ्यात सापडणं, या एक नव्हेत. पहिली साक्ष आहे. ती गांभीर्यानं ऐकावी, तपासावी. पण तिला प्रत्यक्ष दृश्याचा दर्जा दिला, की चौकशीत आरोप टिकला नाही तर पुढे खरं सांगणाऱ्या बाईवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

या सगळ्यातून हाती एक निकष येतो: वाद क्लिपचा असेल तेव्हा जबाबदारी ज्याच्याकडे अख्खं चित्रीकरण आहे त्याची. 2 डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयानं पोलीस ठाण्यांतलं सीसीटीव्ही चित्रीकरण 18 महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपायला सांगितलं. बळाचा वापर होऊन गंभीर इजा झाली, तर मानवी हक्क आयोगाला ते मागवता येतं. पण तो निकाल पोलीस ठाणी आणि चौकशी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणांची कार्यालयं यांच्यापुरता आहे. महाविद्यालयाचं फाटक, वसतिगृहाची गच्ची, जिल्हाधिकारी कार्यालयासमोरचा रस्ता इथले कॅमेरे त्यात नाहीत, आणि विद्यार्थी पकडले जातात ते बहुधा तिथेच.

म्हणून विद्यार्थी संघटनांनी क्लिप पसरवण्याबरोबरच, शक्यतो त्याच दिवशी, पोलीस आणि महाविद्यालय या दोन्हीकडचं पूर्ण चित्रीकरण जपून ठेवण्याची लेखी मागणी करावी आणि तिची पोच घ्यावी. महाविद्यालयांनी आपलं चित्रीकरण किती दिवस ठेवतो, हे जाहीर करावं. विद्यार्थ्याच्या हातात मोबाइलवरची काही सेकंदं असतात, यंत्रणेच्या हातात तासन्‌तास. क्लिप अर्धवट आहे, अशी तक्रार यंत्रणेनं जरूर करावी. मात्र उरलेलं अर्धं समोर ठेवूनच.