गरम धिरडे कोणाच्या वाट्याचे?

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी आमच्या अमरावतीच्या घरी गोड धिरडी होत. गोव्याकडच्या घरांतून नारळ-गुळाचे सारण भरून आलेबेले करतात; वऱ्हाडात नारळ पडला परमुलखातला. म्हणून आई दूध लिंबाने फाडी, फडक्यात टांगून ठेवी आणि तो छेना साखर-वेलदोड्यासह मळून धिरड्यांत भरी.

या प्रथेचे मूळ काटकसरीत आहे. पूर्वी युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर दूध, लोणी, अंडीही वर्ज्य असत. तेव्हा घरात उरलेले आदल्या दिवशी संपवावयाचे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक मांस एक आठवडा आधीच सोडतात आणि त्या शेवटच्या आठवड्याला चीजचा आठवडाच म्हणतात. आपल्याकडे दुधा-अंड्यांचा निर्बंध केव्हाच सुटला. पोप सहावे पॉल यांच्या १९६६ सालच्या आदेशानंतर सक्तीचे उपवास राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवसांपुरतेच उरले. वर्ज्य गेले, पक्वान्न मात्र राहिले, असे कोणी हसून म्हणेल. ते खरेच आहे. पण माझ्या मनातील प्रश्न निराळा आहे.

आमच्या घरी एका व्यक्तीचा उपवास मंगळवारीच सुरू होई. धिरडे तव्यावरून थेट ताटात आले पाहिजे, हा सर्वांचा हट्ट. आई चुलीशी उभी. "तुम्ही घ्या बरं, माझं होते मागून," हे तिचे ठरलेले वाक्य. शेवटी तिच्या वाट्याला फाटलेली, गार झालेली दोन धिरडी येत. यालाच आम्ही आईची माया म्हणत आलो. पण जो त्याग नाकारण्याची सोयच नव्हती, त्याला त्याग म्हणावे की नुसता रिवाज? आणि तिने तो खरोखर प्रेमाने केला असेल, तर आमचे घेणे निर्दोष ठरते काय?

अकोल्याच्या मावशीने ओव्हन घेतला तेव्हा हे ध्यानात आले. तिने धिरडी सकाळीच शेकून, छेना भरून, गुंडाळून, लोणी लावलेल्या थाळीत शेजारी शेजारी रचली. वर साय आणि साखर घालून फेटलेले अंडे ओतले. हंगेरीतही ताज्या चीजची धिरडी अशीच भट्टीत भाजतात. अर्ध्या तासात सगळी एकदम तयार! मावशी आमच्याबरोबर जेवावयास बसली. आई दोनदा उठली; तिला बसण्याची सवयच नव्हती. वर म्हणाली, "तव्यावरची बरी लागतात." तेही खोटे नाही. ओव्हनमध्ये कडांचा कुरकुरीतपणा जातो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आपल्याला ठाऊक आहे. तिच्यावरील प्रवचन ऐकून आपण मरियेचे कौतुक करतो आणि घरी येऊन गरम जेवण मागतो. प्रभूने मार्थेच्या स्वयंपाकाला नावे ठेवली नाहीत. तिच्या जिवाची ओढाताण मात्र त्याने पाहिली. आम्ही तर तेवढेही पाहिले नव्हते.

आता आमच्याकडेही ओव्हन आहे. गेल्या वर्षी थाळी आत असताना आईने हळूच विचारले, "तुझ्यापुरतं एक तव्यावर घालू का?" तिच्या चेहऱ्यावर उत्साह होता. मी तवा उचलून मोरीत ठेवला. ती बसली, जेवली. फारसे बोलली नाही. मी तिचे ओझे उतरविले की तिच्या हातचे देणे हिरावून घेतले, हे मला अजून ठरविता आलेले नाही.