बांबूचे बेट आणि अधिकाराचा प्रश्न

वनरक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन पक्षांत वाटली जाते. रयत अडाणी आणि गरजवंत, सबब तिच्या हातून वन वाचणे असंभवनीय, असे एक पक्ष मानतो. वनवासी हा निसर्गाचा जन्मजात उपासक, त्याच्या हवाली वन केले की ते आपोआप वाचेल, असे दुसरा. हे दोन्ही पक्ष वादाचा निकाल मनुष्यस्वभावावर सोपवितात, आणि तेथेच त्यांची फसगत होते. ज्याच्या हाती तोडीचा अधिकार आहे त्यालाच त्या तोडीची झळ पोहोचते काय, आणि त्याच्या कारभाराचा हिशेब चारचौघांत मांडला जातो काय, या दोन कसोट्यांवर वनाचे भवितव्य ठरते, असे माझे मत आहे.

इंग्रजी अमलात 1864 साली वनखाते स्थापन झाले आणि 1878 च्या कायद्याने वनांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी वर्गवारी केली. गावांना त्यांची स्वतःची वने असावीत, असा आग्रह खात्याचा पहिला प्रमुख डीट्रिख ब्रॅंडिस याने धरला होता. पण बेडन-पॉवेल प्रभृती अधिकाऱ्यांचा सरकारी मालकीचा पक्ष वरचढ ठरला आणि ग्रामवनाचे कलम बव्हंशी दप्तरातच राहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कायद्याविरुद्ध तक्रार केली, तर ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी गायराने गिळंकृत करणाऱ्या जंगलखात्यावर कोरडे ओढले. सरपण, चराई आणि घरबांधणीचे लाकूड यांची पिढीजात वहिवाट सरकारच्या मेहेरबानीवर येऊन ठेपली. आणि जे आपले राहिले नाही त्याची राखण करण्यात, किंवा त्यात उद्यासाठी काही शिल्लक ठेवण्यात, कोणालाच हशील उरले नाही.

या व्यवस्थेत ज्ञानाचीही कशी हेळसांड होते, याचा नमुना उत्तर कन्नड जिल्ह्यात सापडतो. दांडेलीच्या कागद गिरणीला सरकारने टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने बांबू देऊ केला होता. पुढे बांबू झपाट्याने घटू लागला, तेव्हा 1970 नंतरच्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची कारणे शोधली. बेटाच्या बुंध्याशी काटेरी फांद्यांची दाट जाळी असते. ती साफ केली म्हणजे दाटी कमी होऊन नवे बांबू जोमाने येतील, अशी खात्याची समजूत होती आणि त्याबरहुकूम सफाई चालू होती. गावकरी मात्र सांगत होते की, पावसाळ्यात जमिनीतून वर येणाऱ्या कोवळ्या कोंबांना गुराढोरांपासून आणि वानरांपासून राखते ती हीच जाळी. संशोधनाअंती गावकऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले. खात्यापाशी विद्वत्ता कमी होती असे नव्हे. पण बेट उजाड झाले तरी हुकूम देणाऱ्याचे वेतन थांबत नव्हते, गिरणीला दुसरा मुलूख मोकळा होता, आणि टोपली विणून पोट भरणाऱ्या ज्या माणसाचे त्यात सर्वस्व बुडत होते त्याला विचारण्याची पद्धतच नव्हती.

याच्या उलट चित्र गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात दिसते. तेथील मेंढा (लेखा) हे पाचशेच्या आतबाहेर वस्तीचे गोंड गाव. वनहक्काचा 2006 चा कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेत आली आहे. तिचे अभ्यासगट आहेत, आणि माश्यांचा संहार न करता मध काढण्याची रीत त्या अभ्यासातूनच तेथे रुजली. 2009 साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकण्याचा मार्ग खुला झाला नाही, कारण 1927 चा वन कायदा बांबूला वृक्ष समजत असे आणि वाहतुकीचा परवाना खात्याच्या हाती होता. नव्या कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली होती, तरी जुनी वहिवाट सुटेना. अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्या गावी जाऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. तेव्हापासून कोणता बांबू तोडावा, कोणता राखावा, मजुरी काय द्यावी आणि शिलकीचे काय करावे, हे सारे प्रश्न ज्यांना त्याच बेटांवर पुढील सालीही अवलंबून राहावयाचे आहे त्यांच्यापुढे येऊ लागले.

यावर सामायिक मालमत्तेचा विध्वंस अटळ आहे, असा गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली मांडलेला सिद्धांत पुढे केला जाईल. परंतु हार्डिन यांनी रंगविलेले कुरण बेवारस होते; सामायिक वस्तूला सीमा, नियम आणि पंच असू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या दाखल्यांनिशी सिद्ध केले आणि मेंढ्याला हक्क मिळाला त्याच 2009 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याहून वजनदार आक्षेप निराळा आहे. गाव म्हणजे एकजीव समाज नव्हे. तेथेही बलिष्ठांची मिरासदारी असते, स्त्रियांचा शब्द मागे पडतो आणि व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम भल्याभल्यांना मोहात पाडते. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच अधिकाराइतकाच उघड्या हिशेबाचा आग्रह मी धरतो. मात्र हे दोष खात्यात नसतात असे नाही. तेथे ते फायलीत दडतात, ग्रामसभेत ते नावानिशी विचारता येतात, एवढे अंतर अल्प नव्हे.

अधिकाराविना नुसता सांगाडा उभारला तर काय होते, हे जैवविविधता कायद्याच्या अनुभवावरून दिसते. 2002 च्या या कायद्यान्वये गावोगाव समित्या नेमल्या गेल्या आणि स्थानिक वनस्पती, प्राणी व तत्संबंधी ज्ञान यांच्या नोंदवह्या तयार करणे त्यांच्याकडे आले. कल्पना उदात्त होती; पण नोंदीबरोबर निर्णयाची सत्ता न आल्यामुळे अनेक ठिकाणी मुदतीपूर्वी वही भरून देण्याचे काम बाहेरच्या माणसांनी उरकले.

तेव्हा सरकारने वनातून अंग काढून घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. बाहेरच्या आक्रमणाला पायबंद घालणे, गावागावांतील तंटे मिटविणे, शास्त्रीय सल्ला देणे आणि दुर्बळांच्या तक्रारीची दाद लावणे ही कामे सरकारावाचून होणार नाहीत. परंतु मालकाची भूमिका सोडून त्याने पंचाची पत्करली पाहिजे. ज्यांच्या चुलीवर आणि मजुरीवर वनाच्या ऱ्हासाचा पहिला आघात होतो, त्यांना निर्णयाबाहेर ठेवून वनसंपत्ती टिकविण्याचा प्रयोग या देशात दीडशे वर्षे झाला आहे. आता पुराव्याचे ओझे गावावर नसून, तोच प्रयोग पुढे चालवू इच्छिणाऱ्यांवर आहे.