नववीची मुलं

पाठ टेकून बसा. हात मोकळे सोडा. शाळेतला निरोप समारंभ आठवायचा आहे, पण स्वतःचा, दहावीतला नको. तो आपोआप आठवतो. त्याच्या आदल्या वर्षीचा आठवा. तेव्हा तुम्ही नववीत होतात, आणि निरोप तुम्ही देत होतात.

दिवस जानेवारी-फेब्रुवारीचे. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, म्हणून त्याआधीचा एखादा शनिवार ठरलेला. सकाळची शाळा सुटली आहे. बाकं भिंतीकडे सरकवताना फरशीवर होणारा खरखराट ऐका. झटकलेल्या सतरंजीची धूळ उन्हात तरंगते आहे. क्रेप पेपरच्या झिरमिळ्या चिकटवायला कुणीतरी घरून वाटीभर खळ आणली आहे. फळ्यावर अक्षर काढणारा वर्गात एकच. त्याला सगळे जागा करून देतात. तो रंगीत खडू पाण्यात बुडवून ‘निरोप समारंभ’ असं लिहितो. ओलं असताना अक्षर पुसट दिसतं. वाळत जातं तसा रंग उठून येतो.

तो पूर्ण उठेपर्यंत थांबा.

आता वर्गणीची वही. दोन रुपये असतील, पाच असतील, तुमच्या काळाप्रमाणे. वर्गप्रमुखानं नावांपुढे खुणा केल्या आहेत. एक-दोन नावांपुढची खूण मात्र त्या मुलांनी दिलेल्या पैशांची नाही. ते पैसे बाईंनी आपल्या पर्समधून घातले, आणि वर्गात त्याची वाच्यता होऊ दिली नाही. सगळ्या समारंभात मला सर्वांत मोठं काही वाटत असेल तर हे. इथून लगेच पुढं सरकू नका. तुमच्याही वर्गात ते नाव कुणाचं होतं, हे तुम्हाला तेव्हा माहीत नसेल; आता कदाचित अंदाज येईल.

मग डिश. कागदी डिशमध्ये बटाटावडा, मूठभर वेफर्स, बर्फीचा तुकडा. वड्याचं तेल झिरपून कागद पारदर्शक होतो. शिपाईमामांनी स्टोव्हवर जायफळाची कॉफी उकळत ठेवली आहे. तिचा वास व्हरांड्यापर्यंत आलाय. डिश मोजून भरायच्या, आधी सर-बाईंना, मग दहावीला. रोज मधल्या सुट्टीत लंगडी खेळणारी ताई आज आईच्या साडीत बसली आहे. तिच्यापुढं डिश धरताना तुमची नजर खाली गेली होती ना? ती नजर, तो हातातला किंचित कंप पुन्हा एकदा जाणवू द्या. कुणाला तरी आपल्या हातानं मानानं खाऊ घालण्याची ती अनेकांची पहिलीच वेळ होती.

भाषणं झाली. हेडसरांनी शाळेचं नाव काढायला सांगितलं. शेलापागोट्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. बोचणाऱ्या चिठ्ठ्या सरांनी आदल्या दिवशीच वेचून फाडल्या होत्या. मनोगत सांगायला उठलेली मुलगी दुसऱ्याच वाक्याला रडली. हे सगळं तुम्ही दाराशी उभं राहून पाहिलंत, हातात कॉफीची किटली घेऊन. तुमच्या वाट्याला शेवटी तुटलेले वडे आणि वेफर्सचा चुरा आला. त्याची चव आठवते का पाहा. माझ्या लेखी पुढच्या वर्षीच्या अख्ख्या वड्याला ती नव्हती.

ज्यांची शाळा याहून जुनी, त्यांनी इयत्ता बदलून घ्यावी. तेव्हा मॅट्रिक म्हणजे अकरावी, आणि तिला निरोप द्यायचा दहावीनं. मार्च १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली तुकडी आणि जुन्या अकरावीची शेवटची, दोन्ही एकाच वेळी बोर्डाला बसल्या. एरवी जे वाढपी असायचे, तेच त्या साली निरोप घेणाऱ्यांत बसले. त्या तुकडीतल्या कुणी हे वाचत असाल, तर जरा जास्त वेळ बसा. अकरावीला वाढायची तुमची पाळी त्या वर्षी हुकली.

आता ग्रुप फोटो डोळ्यांसमोर आणा. खुर्च्यांवर शिक्षक, मागं बाकांवर उभ्या रांगा, खाली छापलेली नावं. त्यात वाढणारी मुलं नाहीत. फोटोग्राफर पोचला तेव्हा ती मागच्या नळावर पातेली घासत होती.

आणि मगच, हवं तर, स्वतःच्या दहावीत या. सतरंजीवर बसा. समोर डिश येते आहे. ती धरणाऱ्या हातांकडे पाहा, मग वर, चेहऱ्याकडे. त्याचं नाव काय होतं? तुमच्यापेक्षा एकच इयत्ता खाली होता तो.