मुदतबाह्य

वीस-पंचवीस वर्षांनी माणूस तोच राहतो का, या प्रश्नापायी तत्त्वज्ञ मंडळी फार शिणली. आम्हा कॉमर्सवाल्यांचं तीनशे रुपयांत भागतं.

पुण्याच्या बी.एम.सी.सी.त असताना, 2001 साली, एका मित्राने परीक्षेच्या फॉर्मसाठी माझ्याकडून तीनशे रुपये नेले. यंदा कॉलेजच्या स्नेहमेळाव्यात त्याने मला कडकडून मिठी मारली. तीनशेचं नाव नाही!

1963 चा मुदतीचा कायदा उसन्या पैशाच्या दाव्याला तीन वर्षं देतो. गंमत अशी की, नंतर दावा मरतो, देणं मरत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 25 तर म्हणतं, मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं वचन सहीनिशी लिहून दिलं, की ते पुन्हा वसूल करता येतं. हे शिकवत होते तेव्हा तो माझ्याच बाकावर होता. (झोपलेला.)

म्हटलं, जाऊ दे. तो फाटका पोरगा वेगळा, हा टक्कल पडलेला साहेब वेगळा. पण मग मिठी कोणी कोणाला मारली? मिठीपुरता तोच आणि तीनशेपुरता दुसरा, हे कुठल्या खतावणीत बसतं?

तेवढ्यात तो बायकोला सांगू लागला, "वडील दवाखान्यात होते ना, तेव्हा हा रात्रभर माझ्याजवळ बसला होता."

मला यातलं काही म्हणजे काही आठवेना! त्याच्या वहीत मी जमा, माझ्या वहीत तो नावे. आता मागायचे तरी कसे?

जेवणाची वर्गणी आली. त्याच्या फोनची बॅटरी उतरलेली.

"माझे पण भर रे, उद्या देतो."

भरले. याला अजून तीन वर्षं आहेत.