थोर ग्रंथांचे वाचन : संग्रह की संस्कार?

जगातील थोर ग्रंथ आयुष्यात एकदा तरी वाचून काढावेत, अशी आकांक्षा अनेक सुशिक्षित कुटुंबांत जोपासली जाते. तिला शिस्तबद्ध आकार देण्याचे प्रयत्नही झाले. अमेरिकेत १९०९ मध्ये ‘हार्वर्ड क्लासिक्स’ ही ग्रंथमाला निघाली. पाच फुटी फळीवर मावणारे हे ग्रंथ रोज पंधरा मिनिटे वाचले, तरी सामान्य माणसाला उत्तम शिक्षण लाभेल, असा तिचे संपादक चार्ल्स एलियट यांचा विश्वास होता. १९५२ साली ‘ग्रेट बुक्स ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ हा ५४ खंडांचा संच आला. अशा उपक्रमांच्या मुळाशी एक गृहीत असते : जो थोर ग्रंथ वाचतो, तो थोडा अधिक चांगला माणूस होतो. हे गृहीत कितपत खरे आहे?

या प्रश्नाला जर्मनीतील वायमार नगरीने फार कठोर उत्तर देऊन ठेवले आहे. महाकवी गटे तेथे पन्नासहून अधिक वर्षे राहिला आणि १८३२ मध्ये तेथेच निवर्तला. त्याच नगरीजवळच्या एटर्सबर्ग टेकडीवर १९३७ साली नाझींनी बुखेनवाल्डची छळछावणी उभारली. जंगल तोडताना एक ओक वृक्ष मात्र राखण्यात आला, कारण गटेच्या नावाशी त्याचा संबंध जोडला जात असे. कवीच्या स्मृतीचा मान राखला गेला. त्या झाडाच्या आसपास पन्नास हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही छावणी निरक्षरांनी उभारली नव्हती. साहित्याविषयीचा आदर आणि माणसाविषयीची निर्दयता एकाच मनात सुखाने नांदू शकतात, हे मान्य केल्यावाचून आपल्याला पुढे जाता येणार नाही.

संत ऑगस्टीन यांना हा धोका सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच जाणवला होता. व्हर्जिलच्या महाकाव्यातील डिडो राणीच्या मृत्यूवर आपण विद्यार्थिदशेत अश्रू ढाळले, परंतु देवापासून दुरावलेल्या स्वतःच्या जीवाबद्दल डोळ्यांत पाणी आले नाही, अशी खंत त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नोंदवली आहे. काल्पनिक दुःखावर रडणे सोपे असते, कारण ते दुःख आपल्याकडे काहीच मागत नाही. पुस्तक मिटले की डिडो दाराशी येऊन उभी राहत नाही. शेजारचा आजारी माणूस उभा राहतो.

परंतु ऑगस्टीन यांचीच साक्ष दुसऱ्या बाजूनेही आहे. एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा ‘हॉर्टेन्सियस’ हा ग्रंथ त्यांच्या हाती पडला आणि सत्याची ओढ लागली. सिसेरो ख्रिस्ती नव्हता. तो ग्रंथही आज उपलब्ध नाही. तरी ऑगस्टीन यांच्या प्रार्थनेची दिशा त्याने बदलली, असे ते स्वतः सांगतात. प्रत्यक्ष मनःपरिवर्तन मात्र ३८६ साली, म्हणजे सुमारे तेरा वर्षांनी झाले. ग्रंथ दिशा दाखवतो. वाट आपली आपल्यालाच चालावी लागते.

शुभवर्तमानातील शास्त्रपंडिताचा प्रसंग या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. सार्वकालिक जीवनाविषयी त्याने विचारताच, नियमशास्त्रात काय लिहिले आहे आणि तू ते कसे वाचतोस, असा उलट प्रश्न येशूने त्याला केला. पंडिताचे उत्तर अचूक होते. तरीही आपला शेजारी कोण, हे विचारून त्याने पळवाट शोधली. तेव्हा येशूने व्याख्या दिली नाही. शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली आणि शेवटी प्रश्नच फिरवला. आता ‘माझा शेजारी कोण’ हे उरले नाही. ‘मी कोणाचा शेजारी झालो’ हे उरले. थोर साहित्याचे खरे कार्य हेच असावे. वाचकाने आणलेला प्रश्न ते बदलून परत करते.

त्यासाठी ग्रंथ समग्र वाचण्याला महत्त्व आहे. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ १८६२ साली प्रसिद्ध झाली. चांदीची भांडी चोरणाऱ्या झां व्हालझांला बिशप मिरिएल क्षमा करतात, हा प्रसंग चित्रपटांमुळे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ह्यूगोने त्याआधी कितीतरी पाने केवळ बिशपांच्या दिनक्रमावर खर्च केली आहेत. ते आपला प्रशस्त वाडा रुग्णालयाला देतात, पंधरा हजार फ्रँकच्या वार्षिक वेतनातले हजारच स्वतःसाठी ठेवतात; चांदीच्या भांड्यांचा मोह तेवढा सुटलेला नसतो. अधीर वाचक ही पाने गाळतो. पण ती वाचणाऱ्यालाच कळते की, त्या सकाळची क्षमा आकस्मिक नव्हती. वर्षानुवर्षे देत राहिलेला हात त्या दिवशीही देण्यासाठीच पुढे आला. सद्गुण प्रसंगातून उपजत नाही, सवयीतून उपजतो, ही गोष्ट सारांशातून समजत नाही. तिला पानेच लागतात. ख्रिस्तसभेने ही कादंबरी एकेकाळी निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत घातली होती. ती सूचीच १९६६ मध्ये संपुष्टात आली, आणि २०२४ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंच्या व सर्वच ख्रिस्ती जनांच्या जडणघडणीत साहित्यवाचनाचे महत्त्व सांगणारे पत्र लिहिले. तरुणपणी सांता फे येथील जेझुइट शाळेत साहित्य शिकवताना अभ्यासक्रमातील ‘एल सिद’ मुलांना रुचेना, तेव्हा ते घरी वाचायला सांगून वर्गात त्यांना आवडणारे लेखक शिकवले, ही आठवण त्या पत्रात आहे. वाचनाची गोडी यादीच्या धाकाने लागत नाही, हे त्या शिक्षकाने ओळखले होते.

तात्पर्य, ग्रंथांची यादी पुरी करणे हे पुण्य नव्हे आणि ती अपुरी राहणे हे पापही नव्हे. आपल्या कुटुंबात वर्षाकाठी एकच थोर ग्रंथ सावकाश, शेवटच्या पानापर्यंत वाचला गेला तरी पुरे. मात्र तो मिटल्यावर घरातल्यांनी एकमेकांना एवढेच विचारावे : या वाचनानंतर आपल्या दाराशी येणाऱ्या माणसाकडे आपण वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो का?