कोपऱ्यातली सही

चित्र काढणाऱ्या प्रत्येक मुलाला मोठी माणसं सांगतात, काम चांगलं कर, बाकीचं मागोमाग येतं. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत यातल्या पहिल्या भागावरचा माझा विश्वास पक्का झाला आणि दुसऱ्यावरचा पार उडाला. मुंबईत पाच-सात माणसांचे डिझाइन स्टुडिओ पुष्कळ आहेत. तिथून एखादा सोडून गेला की बहुतेकदा जाहिरात निघत नाही. स्टुडिओ चालवणारा दोन मित्रांना फोन करून विचारतो, ‘कुणी चांगलं पोरगं आहे का नजरेत?’ त्या फोनच्या टप्प्यात जे नाहीत, त्यांचं काम कसं आहे हा प्रश्नच निघत नाही.

ही रीत आपल्याकडचीच आहे असं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन इथे नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ही जागा तुम्हाला कुणाकडून कळली? १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात याचं उत्तर आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत होते. बाकीच्यांची गाठ कधीमधीच पडायची, काहींची तर वर्षाकाठी एखादवेळी. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना साधारण तेच ठाऊक असतं, जे आपल्याला ठाऊक असतं. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातल्या माणसाकडून येते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरचा अभ्यास आला. त्यातही नोकरी मिळवून देण्यात सर्वांत उपयोगी ठरल्या त्या फार घट्ट नसलेल्या आणि अगदीच विरळ नसलेल्या ओळखी.

हे वाचल्यावर मी माझ्या ओळखींकडे पाहिलं. आई-बाबा, आत्या, सांगलीच्या शाळेतले चित्रकलेचे सर, वसतिगृहातल्या मैत्रिणी. जीव लावणारी माणसं, पण परळच्या एखाद्या स्टुडिओत जागा रिकामी झाल्याचं यांतल्या कुणाच्याही कानावर जाणार नाही. जिचे काका जाहिरात एजन्सीत आहेत, तिला या लांबच्या ओळखी घरबसल्या मिळतात. आम्हाला त्या बाहेर पडून कराव्या लागतात. त्यामुळे ‘नेटवर्किंग’ला पुढेपुढे करणं म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्या तुच्छतेची किंमत ज्यांच्याकडे आधीच ओळखी आहेत त्यांना मोजावी लागत नाही.

आणि तरीही, व्यावसायिक डिझायनरांच्या अशा एका नेटवर्किंगच्या संध्याकाळी जाऊन आल्यावर मला तिच्या रचनेविरुद्धच लिहावंसं वाटतं.

जागा होती लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातली. गळ्यात नावाची पट्टी, हातात सरबताचा ग्लास, आणि चौघा-पाचांची कोंडाळी, ज्यांत सगळे एकमेकांना आधीपासून ओळखणारे. आम्ही विद्यार्थी खाण्याच्या टेबलाजवळ भिंतीला लागून उभे. कुणी आपणहून आलं की इंग्रजीतून पहिला प्रश्न, ‘तू काय करतेस?’ मी अक्षरं काढते, देवनागरी टाइपफेसवर काम करते, हे सांगून होतं न होतं तोच समोरच्याचा फोन पुढे यायचा, त्यावरचा क्यूआर कोड मी टिपायचा, आणि ‘संपर्कात राहू’ म्हणून तो पुढच्या माणसाकडे वळायचा. वाईट कुणीच वागलं नाही. पण तिथे जमलेले सगळे डोळ्यांनी काम करणारे लोक, आणि पाहण्यासारखं काहीही त्या खोलीत मांडलेलं नव्हतं. जो पटकन, गोड आणि इंग्रजीतून बोलतो तो लक्षात राहणार, हे त्या व्यवस्थेतच ठरून गेलं होतं.

एक भेट वेगळी झाली. अक्षरकामात केस पांढरे झालेल्या एक बाई गर्दीला कंटाळून जिन्यात बसल्या होत्या. मी नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘बोलतेस काय, दाखव ना.’ माझ्या पिशवीत छापील नमुने होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, ‘यात मराठी ल कुठाय?’ मी हिंदी वळणाचा, उभ्या दांड्याचा ल आणि तसाच श काढला होता. मराठी वाचकाच्या सवयीची वळणं पर्यायी अक्षरं म्हणून पुढे घालायची होती. ‘पुढे नाही, आधी,’ त्या म्हणाल्या. ‘तू कुणासाठी काढतेयस ते त्यावरून ठरतं.’ मग ध आणि घ यांच्या पोटातली जागा लहान आकारात छापली की शाईने भरून जाईल हे दाखवलं, ‘णी’ची वेलांटी रुंद अक्षरावर पुरेशी पसरत नाही हे दाखवलं. त्यांनी माझं गाव विचारलं ते अगदी शेवटी. आज मी त्यांना पानं पाठवते आणि त्या खुणा करून परत पाठवतात. नोकरीचा शब्दही निघालेला नाही. पण उद्या त्यांना कुणी विचारलंच, तर माझ्याबद्दल सांगण्यासारखं काहीतरी त्यांच्याकडे आहे.

आमच्या मधे कागद होता, म्हणून हे होऊ शकलं. वशिल्याचा आक्षेप घेणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे. वशिल्यात माणूस ओळखीचा म्हणून काम न पाहता आत घेतात. इथे काम पाहिलं म्हणून माणूस ओळखीचा झाला.

माझे बाबा बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, सहकारी सोसायटीचे फलक, एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलांची दरपत्रकं. फ्लेक्सची यंत्रं आली तसा हा धंदा बसत गेला. पण चालू होता तोवर प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरांत पेंटरची सही असायची. गावोगाव हीच पद्धत होती. पाटी आवडलेला माणूस ती सही वाचून पत्ता काढत यायचा. बाबा बोलायला अगदीच भिडस्त. त्यांनी स्वतःहून कुणाकडे काम मागितलेलं मला आठवत नाही. भिडस्त माणसालाही त्या पद्धतीत जागा होती, कारण त्याच्याआधी त्याची पाटी लोकांसमोर उभी असायची.

डिझायनरांना हे सुचत नाही असंही नाही. तोक्योमध्ये राहणाऱ्या अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुरचनाकारांनी २००३ मध्ये तरुण डिझायनरांनी भेटावं, काम दाखवावं म्हणून ‘पेचाकुचा’ सुरू केलं. २० चित्रं, प्रत्येकाला २० सेकंद, म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंदांत बोलणं संपतं. नामवंतालाही तेवढीच आणि नवख्यालाही तेवढीच. मग जी गाठभेट होते तिला काही विषय असतो. आपल्याकडे २००८ साली पवईच्या आयआयटीत सुरू झालेल्या ‘टायपोग्राफी डे’मध्येही अक्षरांवर बोलायला माणसं जमतात, ओळखी ओघाने होतात.

वेळेचाही प्रश्न आहे, आणि तो मला भाषेइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्या संध्याकाळी खरी बोलणी सुरू झाली ती साडेनवानंतर, कोंडाळी सैल झाल्यावर. माझी बदलापूरची मैत्रीण तोवर स्टेशनच्या वाटेला लागली होती. तिचं बोधचिन्हांचं काम आमच्या वर्गात सर्वांत नेटकं आहे. वसतिगृहाचं दार ठरलेल्या वेळी बंद होतं, लांबच्या उपनगरात रात्री एकटीने उतरावं लागतं, प्रवेशशुल्कही काहींना जड जातं. मागे उरतात ते जवळ राहणारे, गाडीने जाणारे, बहुधा मुलगे. पुढे त्यांच्यातूनच कुणाला फोन जातो, आणि ती निवड गुणवत्तेवर झाली असं सगळ्यांना मनापासून वाटत राहतं.

आम्ही काही जणींनी आमच्या विभागाला लिहून दिलं आहे. अशी भेट महाविद्यालयातच ठेवा, शनिवारी दुपारी, शुल्क न घेता. दुसऱ्या वर्षापासून सगळ्यांना येऊ द्या. प्रत्येकाने एकच काम छापून टेबलावर मांडावं. पाहुण्यांनी आधी ते पाहावं आणि त्याबद्दलच पहिला प्रश्न विचारावा, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. कामाशेजारी नावाबरोबर गावही लिहावं का, यावर आमच्यात अजून वाद आहे. काहींना वाटतं, गावावरून लोक आधीच मत बनवतील. मी लिहावं या बाजूची आहे. पाहुण्यांत कुणी मिरजेचा, तासगावचा निघाला, तर तो त्या टेबलापाशी चार मिनिटं जास्त थांबेल.