जन्मभूमी, आणि जन्माला बंदी

मिकोनॉसच्या बंदरातून बोटीनं सुमारे अर्ध्या तासावर डेलॉस बेट आहे. लांबी जेमतेम पाच किलोमीटर, झाडं विरळ, आणि सर्वांत उंच टेकडी, किंथोस, ११२ मीटरची. वसंतात पडक्या भिंतींच्या सांध्यांतून रानफुलं उगवतात. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा सगळं बेट झोडपून काढतो. किंथोसवर उभं राहिलं की चहूबाजूंनी सिक्लाडीज बेटांचं कडं दिसतं. आसरा शोधत भटकणाऱ्या लेटोला याच खडकाळ तुकड्यानं थारा दिला आणि इथे तिच्या पोटी अपोलो जन्मला, अशी ग्रीकांची श्रद्धा होती. आर्टेमिसचा जन्मही अनेक जण इथलाच मानत. बेटाचं सारं माहात्म्य एका बाळंतपणावर उभं होतं. तरी इ.स.पू. ४२६च्या हिवाळ्यात अथेन्सनं फर्मान काढलं की यापुढे डेलॉसवर कुणी जन्मू नये आणि कुणी मरू नये. दिवस भरलेल्या बाईला आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्याला समोरच्या रेनिया बेटावर न्यायचं. जुनी सगळी थडगी उकरून अस्थीही तिकडेच हलवण्यात आल्या. पावित्र्य जपायचं म्हणजे काहीतरी बाहेर काढायचंच का, हा प्रश्न डेलॉसइतका उघडपणे फार थोड्या जागा विचारतात. डेलॉसचा इतिहास पाहता पावित्र्याचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात, असं मला वाटतं. एक अभय देतो, दुसरा वगळतो. आणि वगळणं एकदा सुरू झालं की कुठे थांबायचं हे त्याला स्वतःहून कळत नाही.

पहिल्या अर्थाचा सर्वांत स्वच्छ पुरावा एका शत्रूच्या वागण्यात सापडतो. इ.स.पू. ४९०मध्ये इराणी आरमार येतंय म्हणताच डेलॉसकर टेनॉसला पळाले. हिरोडोटस सांगतो की सेनापती दातिसनं आपली जहाजं डेलॉसला लागू दिली नाहीत, ती रेनियाशी नांगरली. दोन देव जिथे जन्मले त्या भूमीला आणि तिथल्या माणसांना मी धक्का लावणार नाही, घरी परत या, असा निरोप त्यानं पाठवला आणि वेदीवर तीनशे टॅलेंट ऊद जाळला. परका माणूस, परका धर्म. तरी जागेच्या पावित्र्यातून त्यानं काढलेला अर्थ असा की इथल्या रहिवाशांना घर मिळालं पाहिजे. आता अथेन्सकडे पाहा. ते ग्रीकच, अपोलोचे भक्त. ४२६च्या शुद्धीनंतर चारच वर्षांनी त्यांनी ठरवलं की शुद्धी अपुरी राहिली, आणि जिवंत डेलॉसकरांनाच बेटाबाहेर काढलं. ते आशिया मायनरमधल्या अ‍ॅड्रामिटिऑनला जाऊन राहिले. पुढच्या वर्षी त्यांना परत आणलं ते स्पार्टाविरुद्धच्या युद्धातल्या पराभवांनी मन धास्तावल्यावर आणि डेल्फीचा कौल आल्यावर. पहिल्या शुद्धीत मेलेले गेले, दुसऱ्या शुद्धीत जिवंत माणसं गेली. या दोन्हींच्या बऱ्याच आधी अथेन्सचा हुकूमशहा पिसिस्ट्रेटस यानं देवळावरून नजर पोचेल तेवढ्याच भागातली थडगी हलवली होती. हद्द वाढत गेली ती अशी.

यावर कुणी म्हणेल की हा दोष राजकारणाचा, धर्मकल्पनेचा नव्हे. डेलॉसवर ताबा ठेवणं अथेन्सच्या सोयीचं होतं हे खरंच. पण सत्तेला ही सबब इतक्या सहज का मिळाली? मालकीवरून भांडण असतं तर पुरावे मागता आले असते. ‘अजून पुरेसं शुद्ध नाही’ या म्हणण्याला पुरावा लागत नाही आणि उत्तरही देता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. देव अमर, माणूस मर्त्य. हे अंतर पाळणं हा आदर आहे, त्यात क्रूरता शोधू नये. जन्म-मृत्यूचा विटाळ ग्रीसभर देवळांत पाळला जाई, आणि सोयरसुतक पाळणाऱ्या मराठी घरांना हे समजावून सांगायला नको. पण फरक इथेच आहे. सोयरसुतक ठरावीक दिवसांनी फिटतं. माणूस आपल्या जागी राहतो आणि काळ त्याला मोकळं करतो. डेलॉसवर हा नियम काळाकडून काढून भूमीला जोडला गेला, कायमचा. उंबऱ्याबाहेर काही दिवस थांबणं वेगळं, आणि कळा सुरू झालेल्या बाईनं होडीत बसून खाडी ओलांडणं वेगळं. पुढे अथेन्सचा सेनापती निकिअस यानं याच खाडीवर उत्सवासाठी एका रात्रीत पूल उभारला, सोन्याचा मुलामा आणि हारांनी सजवलेला, असं प्लुटार्क सांगतो. गाणाऱ्यांची मिरवणूक रेनियाहून त्या पुलावरून आली. ज्या पाण्यावरून आसन्नमरण म्हातारे उलट दिशेनं नेले जात, त्याच पाण्यावर हा पूल होता, हे मला विसरता येत नाही.

शिवाय नियम सर्वांना सारखा नव्हता. दूर उत्तरेहून आलेल्या पुराणकथेतल्या कुमारिकांची थडगी देवळाच्या आवारात होती. ती हलवली गेली नाहीत, उलट पूजली गेली. म्हणजे मृत्यूनं जागा विटाळते हे तत्त्वही शेवटपर्यंत धरलेलं नव्हतं. कोणाचा मृत्यू, हे पाहिलं जात होतं. आणि जिवंत माणसाच्या विक्रीचा विटाळ तर कुणालाच वाटला नाही. इ.स.पू. १६६च्या सुमारास रोमनं बेट परत अथेन्सच्या हाती दिलं, बंदर करमुक्त केलं, आणि मूळ डेलॉसकरांवर पुन्हा घरं सोडायची वेळ आली. एका दिवसात हजारोंनी गुलाम उतरवून विकून रवाना करण्याची या बंदराची क्षमता होती, असं स्ट्रेबो नोंदवतो. बाळंतिणीचं रक्त अशुद्ध आणि गुलामांचा बाजार चालेल, अशी ही मोजणी होती.

तरीही हेच बंदर परक्या देवांना घर देत गेलं. इजिप्तमधल्या मेंफिसहून आलेल्या एका पुरोहितानं सरापिस देवाची मूर्ती आणली. भाड्याच्या खोलीत पूजा चाले. नातवानं देऊळ बांधलं तेव्हा विरोधकांनी खटला भरला, नातू जिंकला आणि ती हकीकत दगडावर कोरून ठेवली. सीरियाच्या अटारगाटिसचं देऊळ झालं, बैरूतच्या व्यापाऱ्यांची वास्तू झाली, पूर्व किनाऱ्याला सिनेगॉग झालं. गेरिझिम पर्वताला दान पाठवणाऱ्या शोमरोनी मंडळींचे शिलालेखही मिळाले आहेत. व्यापाराची सोय म्हणून हे चालवून घेतलं, असं म्हणून हा पुरावा बाजूला सारता येईल. पण सोयीपोटी का होईना, इतके देव शेजारी आले आणि अपोलोची पूजा चालूच राहिली. त्या सहवासाचा शेवट इ.स.पू. ८८मधल्या पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस याच्या फौजेच्या आणि ६९मधल्या चाच्यांच्या हल्ल्यांनी केला. परक्या देवांनी केला नाही.

४२६मध्ये थडगी उकरली तेव्हा काय दिसलं तेही इतिहासकार थ्युसिडिडीजनं लिहून ठेवलं आहे. सोबत पुरलेली शस्त्रं आणि पुरण्याची रीत यांवरून निम्म्याहून अधिक मृत कॅरियन, म्हणजे आशिया मायनरचे, असा निष्कर्ष त्यानं काढला. शुद्ध करायला घेतलेली भूमी मुळातच मिश्र निघाली. रेनियावर या अस्थी ज्या खड्ड्यात पुरल्या, तिथे त्यांच्यासोबत टाकलेली भांडी उत्खननात सापडली आणि ती आज मिकोनॉसच्या पुरातत्त्व संग्रहालयात ठेवली आहेत. डेलॉसच्या संगमरवरी सिंहांकडे जाण्याआधी प्रवाशानं ती पाहावीत. बेटावर जे आहे ते बेट स्वतः दाखवतं. तिथून ज्यांना काढलं त्यांची विचारपूस खाडीच्या अलीकडेच करावी लागते.